उचलली जीभ

रानातली चौकी, ४ ऑक्टोबर

ताई,

पोचलो, जिवंत आहे आणि दोन्ही वेळा जेवतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

राहायला जुनी वनचौकी मिळाली आहे. एक खोली, दोन खाटा, एक लंगडं टेबल, आणि खिडकीला काचेऐवजी जाळी. सोबतीला राखणदार आहे. इतकी वर्षं एकटा राहून बोलायची सवयच गेली, असं तो म्हणतो, आणि हे सांगायला अर्धा तास घेतो. आठवड्यातून एकदा तो सायकलने बाजाराच्या गावी जातो, तेव्हाच टपाल जातं आणि येतं. फोनला इथे रेंज नाही. तेव्हा उगाच नंबर फिरवत बसू नकोस, पत्र लिही.

आता कामाचं. संपादकबाईंना पुस्तकासाठी माकडांचं कुटुंब हवं आहे. 'झाडावर बसलेली माकडं आमच्याकडे ढिगाने पडली आहेत. घरची माणसं घरात वागतात तशी दाखवा,' असं त्यांनी बजावून पाठवलं आहे. आणि आल्यापासून मला मिळाल्या आहेत त्या फक्त पाठी. शहरातली माकडं हातातली पिशवी ओढून नेतात, पण या रानातल्यांनी माणूस फारसा पाहिलेलाच नाही. माझी नुसती सावली दिसली की सगळी टोळी शेंड्यावर. काल एक फोटो फार सुंदर आला असं वाटलं. संध्याकाळी मोठा करून पाहिला तर सगळी चौकट शेपटीने भरलेली.

तू दिवसभर स्टुडिओत अख्ख्या घरांना एका चौकटीत बसवतेस. रडकी पोरं, रुसलेल्या सासवा, घड्याळ बघणारे नवरे. बाबांनी स्टुडिओ तुझ्या हाती दिला तो काही उगाच नाही. काही युक्ती असेल तर सांग. हसलीस तरी चालेल.

तुझा,
पाठींचा फोटोग्राफर


स्टुडिओ, १५ ऑक्टोबर

ठोंब्या,

तुझ्या हातात पहिल्यांदा कॅमेरा पाहिला तेव्हा बाबा म्हणाले होते, माकडाच्या हाती कोलीत. आता तूच कोलीत घेऊन माकडांच्या मागे धावतोयस, हे बघायला ते असायला हवे होते. मी पुरेसं हसून घेतलं आहे, आता ऐक.

तू त्यांच्या मागे जातोस हीच चूक. गिऱ्हाइकाच्या मागे लागलं की गिऱ्हाईक पळतं. एका जागी बसून राहा. रोज तीच जागा, तोच शर्ट, तीच वेळ. त्यांच्याकडे बघूच नकोस. मोजे रफू करत बस, तुझे सगळे फाटलेलेच असतात. थोडक्यात, कंटाळवाणा हो. तुला ते जड जाऊ नये.

आणि बाबांची युक्ती विसरलास का? तान्ही पोरं कॅमेऱ्याकडे बघत नसली की बाकीचे फोटोग्राफर खुळखुळा वाजवायचे. बाबा म्हणायचे, खुळखुळ्याने पोर खुळखुळ्याकडे बघतं, माझ्याकडे नाही. ते जिभेने आवाज काढायचे. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. जीभ उचलायची, टाळ्याला लावायची आणि झटक्यात सोडायची. म्हण सांगत नाहीये, कृती सांगतेय. भोकाड पसरलेलं पोरसुद्धा गप्प होऊन बघायचं. पण त्यांचा एक नियम होता. आवाज काढल्यावर पोराला दुखेल असं काही करायचं नाही. मान वळवायची नाही, हात ओढायचा नाही, तोंडावर दिवा मारायचा नाही. एकदा फसवलं की ते पोर पुन्हा कधी बघत नाही, म्हणायचे.

आणखी एक. घरातल्या कर्त्या पुरुषाला आधी वश कर. बापाला खुर्ची मिळाली की बाकीचं घर आपोआप मागे उभं राहतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि टोळी काय म्हणतोस त्यांना, दरोडेखोर आहेत का? कुटुंब म्हण.

इकडे सगळं ठीक. लेक सासरी गेली तरी मी अजून तीन कप चहा टाकते, आणि तिसरा हे गुपचूप पिऊन टाकतात.

ताई


रानातली चौकी, २२ जानेवारी

ताई,

आभार कुणाचे मानू, तुझे की बाबांच्या जिभेचे?

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. ओढ्याकाठी एक सपाट खडक आहे, तिथे रोज सकाळी खाकी शर्ट घालून बसत गेलो. मोजे रफू करून संपले, मग राखणदाराचे रफू केले. पहिल्यांदा टक् केलं तेव्हा समोरचं झाड क्षणात रिकामं झालं. मी नेटाने करत राहिलो. पुढे पुढे नुसत्या फांद्या हलायच्या. मग एक दिवस एक मान वळली. तोंड, ताई, पुरतं तोंड, दोन डोळ्यांसकट. मी इतक्या घाईने बटण दाबलं की तो फोटो हललेला आला.

आता तुझी एक चूक सुधारतो. इथे कर्ता पुरुष नाही. दांडगे नर बाहेरून येतात, काही वर्षं राहतात आणि चालते होतात. मुलगे वयात आले की घर सोडतात. मुली मात्र जन्मभर माहेरी. आजी, आजीच्या मुली, मुलींच्या मुली, असं ते घर आहे. सासर हा शब्दच नाही त्यांच्यात. खुर्ची द्यायचीच तर ती आजीला. एक कान फाटलेला, चाल संथ, पण ती उठली की सगळी उठतात. तिच्या दोन लेकी, थोरली आणि धाकटी. थोरली म्हणजे हुबेहूब तू. कुणाचं भांडण असो, ही मध्ये. बहिणीचं पोर हिसकावून घेते आणि दुपारभर त्याच्या उवा वेचते. धाकटीला पहिलंच पोर झालं आहे, मुलगी. तिला धड धरताही येत नव्हतं, दोन दिवस उलटी धरून हिंडत होती. मी त्या पोरीला टिल्ली म्हणतो. कान एवढे मोठे की मागून ऊन आलं की लालभडक दिसतात.

सोबत कॅमेऱ्याचं कार्ड पाठवतो आहे. शेवटचा फोटो बघ. सगळं घर खडकावर ऊन खात बसलं होतं. मी टक् केलं आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. एकही पाठ नाही. माणसापासून आपल्याला धोका नाही, एवढं त्यांना पटायला इतका वेळ लागला. हा फोटो माझा नाही, तुझा आणि बाबांचा आहे.

ठोंब्या


स्टुडिओ, ६ फेब्रुवारी

ठोंब्या,

मी रडले. हे म्हणाले, माकडांचा फोटो बघून रडणारी बाई पहिल्यांदाच बघतोय.

मोठा करून शोकेसमध्ये मधोमध लावला आहे. तिथे डॉक्टरांच्या घरचा फोटो होता, तो कोपऱ्यात सरकवला, तर डॉक्टरीणबाई रुसल्या. त्यांनी हे नुसतं ऐकलंय, कशासाठी सरकवला ते अजून कळलं नाही, नाहीतर आणखी रुसल्या असत्या. रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. एक आजोबा म्हणाले, ही मधली आमच्या हिच्यासारखी दिसते. त्यांची ही शेजारीच उभी होती. पुढचं काय झालं ते ठाऊक नाही, पण आजोबा पुन्हा दिसले नाहीत.

आजीला मी बघताक्षणी ओळखलं. थोरलीचं म्हणशील तर माझं नाक इतकं बसकं नाही. पण मला सगळ्यात आवडली ती धाकटी. पोर पोटाशी धरून काय मोकळी हसतेय, सगळे दात दिसतात. आजकाल नव्या नवऱ्या फोटोला बसल्या की मी तिच्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, असं हसा.

मुली माहेरी राहतात ही पद्धत मला फार पटली. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, आता तू माकडांचं ऐकायला लागलीस.

ताई


रानातली चौकी, २० फेब्रुवारी

ताई,

धाकटी हसत नाहीये. ओठ मागे ओढून दात दाखवणं हे माकडाचं हसणं नव्हे, भीती आहे. 'मी लहान आहे, मला मारू नका,' असा त्याचा अर्थ. फोटो काढला तेव्हा सगळ्या घरात ती एकटीच अजून मला घाबरत होती. तेव्हा नव्या नवऱ्यांना तिचं उदाहरण देऊ नकोस, किंवा दे, काहींच्या बाबतीत ते बरोबरच असेल.

आता ती दात दाखवत नाही. परवा तिने टिल्लीला माझ्या गुडघ्यापाशी सोडलं आणि खुशाल ओढ्यावर पाणी प्यायला गेली. टिल्ली माझ्या बुटाची नाडी चोखत बसली. मी कॅमेरा उचलला नाही. उचलावासाच वाटला नाही. घर सोडून इतकी वर्षं झाली ताई, पण कुणी आपलं पोर असं विश्वासाने माझ्यापाशी ठेवून गेल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. राखणदार सांगत होता, पलीकडच्या रानातून माकडं पकडून नेली. ठेकेदाराची माणसं जाळी घेऊन येतात. कुणी म्हणतं औषधांच्या प्रयोगांसाठी नेतात, कुणी म्हणतं पिल्लं पाळायला विकतात. शहरातली रोगट निघतात म्हणून त्यांना रानातलीच हवी असतात. पण रानातली हाताला लागत नाहीत, म्हणून आजवर निभावलं. राखणदार माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही यांची भीड मोडलीत साहेब." मी म्हटलं, मी आहे ना इथे.

तेव्हा शोकेसमधल्या फोटोबद्दल कुणी विचारलं तर रान कुठलं ते सांगू नकोस. टक्-टक्‌चं तर अजिबात नको.

ठोंब्या


स्टुडिओ, २२ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं उत्तर यायचं आहे, पण मला धीर नाही. काल तुझा एक चाहता येऊन गेला.

पासपोर्टचा फोटो काढायला आले होते. आधी कितीतरी वेळ शोकेससमोरच उभे. आत आले आणि पहिल्याच वाक्याला मला ताई म्हणाले. बोलणं लोण्याहून मऊ. म्हणाले, मलाही प्राण्यांचं वेड आहे, रानं पालथी घातली, पण माकडं कधी वळून बघत नाहीत, तुमच्या भावाने काय जादू केली? मला काय, निमित्तच हवं असतं. बाबांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. आवाज काढून दाखवला. त्यांना काही जमेना, नुसती हवा सुटायची. मी म्हटलं, जीभ आणखी मागे न्या. चार वेळा करून घेतलं तेव्हा कुठे जमलं. काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे ते, दोघंही टक्-टक् करतोय, आणि हे आतून विचारतात, पाल चुकचुकतेय का कुठे?

तुला भेटायला यायचं म्हणत होते. मी चौकीचा रस्ता सांगितला, ओढ्याचा खडकही सांगितला, तुझं पत्रच वाचून दाखवलं. तू तिथे एकटा असतोस, कुणी बोलायला आलं तर बरं वाटेल, एवढंच मनात होतं. हातांवर मात्र जागोजाग चावल्याचे व्रण होते बिचाऱ्यांच्या. विचारलं तर म्हणाले, घरी मांजरं आहेत. फोटो न्यायला आज येणार होते, अजून आले नाहीत.

बाकी ह्यांचा गुडघा पुन्हा दुखतोय. शोकेसचा दिवा बदलावा म्हणते, पिवळा नको, पांढरा लावू का? मोजे पाठवू का, तेही कळव.

ताई


रानातली चौकी, १९ मार्च

ताई,

वाईट बातमी आहे. बसून वाच.

लेन्स बिघडली म्हणून मी काही दिवस शहरात गेलो होतो. परत आलो तर खडकावर कुणी नव्हतं. फळांची सालं होती, जाळीचे तुकडे होते, आणि आजी होती. जाळीत गुदमरली असावी. ती नेण्यासारखी नाही म्हणून तिला तिथेच टाकून गेले.

राखणदाराने जे पाहिलं ते सांगतो. किंबहुना जे ऐकलं ते. सकाळी ओढ्याकडून टक्, टक् असा आवाज आला. त्याला वाटलं मी लवकर परतलो आणि परस्पर खडकावर जाऊन बसलो. त्याने माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं. चहा उकळला तेव्हा किंकाळ्या ऐकू आल्या. तो धावत गेला तोवर जीप निघाली होती. माझ्या जागेवर खाकी शर्टातला माणूस बसला होता, एवढं त्याला दुरून दिसलं. तेव्हापासून तो माझ्याशी नजर मिळवत नाही आणि चहा करत नाही. मीच करतो.

थोरली गेली. टिल्ली गेली. आणखी पाच जण गेले. उरलेली दहा झाडांवर आहेत. धाकटी राहिली. ती रोज सकाळी खडकावर येते, जाळी होती ती जागा हुंगते आणि बसून राहते.

वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुमच्या माकडांवर काही खूण आहे का? पुढे कुठे सापडली तर ही तुमचीच हे कसं ठरवायचं? मी फोटो मांडले. ही थोरली, हिची डावी भुवई तुटलेली. ही टिल्ली, हिचे कान बघा. त्यांनी चष्मा लावून सगळे फोटो पाहिले, अगदी मनापासून पाहिले, आणि म्हणाले, "मला तर सगळी सारखीच दिसतात." माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं. आणि मला दिसतं त्याचा काही उपयोग नाही.

त्या माणसांना कसं कळलं कोण जाणे. बाजारात बातम्या फुटतात. कुणी ना कुणी बोललं असेल.

दाजींना गुडघा शेकायला सांग. दिवा पांढराच लाव. मोजे नकोत. फोटो मात्र शोकेसमधून काढून ठेव.

ठोंब्या


स्टुडिओ, २ एप्रिल

ठोंब्या,

फोटो काढला. शोकेस तशीच मोकळी ठेवली आहे.

मी तुझ्यापेक्षा मोठी आहे आणि तुला लंगोटात पाहिलेलं आहे, तेव्हा माझ्यापासून काही लपवायला जाऊ नकोस. माझ्या २२ तारखेच्या पत्रातल्या ह्यांच्या गुडघ्याला तू उत्तर दिलंस, दिव्याला दिलंस, मोज्यांनाही दिलंस. निम्मं पत्र ज्या माणसाबद्दल होतं त्याच्याविषयी एक अक्षर नाही. बाजारात कुणी बोललं असेल, म्हणे. बाजारात कुणाला टक् करता येतं?

मीच शिकवलं. त्याला जमत नव्हतं रे. तो कंटाळून नाद सोडणार होता, मीच म्हटलं, जीभ आणखी मागे न्या. चार वेळा करून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण लहानपणापासून ऐकली, पण ती अक्षरशः कुणी केली असेल तर मी केली. हे आतून विचारत होते, पाल चुकचुकतेय का. माझ्या मनात मात्र एकही चुकचुकली नाही.

आणि याहून वाईट ऐक. तुझं सावध करणारं पत्र मला १ मार्चला मिळालं. त्याचे हात आठवले. मांजराचे चावे मी पाहिले आहेत, ते इतके मोठे नसतात. पण मी स्वतःची समजूत घातली की ताई म्हणणारा माणूस असं करणार नाही. तुला कळवलं तर तू ओरडशील, म्हणून म्हटलं आधी तो फोटो न्यायला येऊ दे, त्यालाच विचारते. त्याची वाट बघत राहिले आणि तुला लिहायचं राहून गेलं. तेव्हाच उठून तुझ्याकडे आले असते तर तू शहरात गेला नसतास.

तो फोटो न्यायला आलाच नाही. आठ प्रती माझ्या खणात आहेत. मी त्या घेऊन पोलिसांकडे गेले. नाव खोटं निघालं, पत्त्यावर कुलूपबंद गोदाम. हवालदार फोटो बघून म्हणाले, चेहरा स्पष्ट आला आहे. मी म्हटलं, मी चेहरे स्पष्टच काढते. ते म्हणाले, पण बाई, फोटो काढून घेणं हा काही गुन्हा नाही, आणि माकडं तुमच्या मालकीची नाहीत. एक प्रत ठेवून घेतली, टाचणीने कागदाला लावली. दोनदा जाऊन आले. तिथेच लावलेली आहे.

मला काय बोलायचं ते बोल, फक्त गप्प राहू नकोस. आणि उरलेल्यांना वाचव. ती माणसं पुन्हा येतील. एकदा सोपं गेलेलं काम कुणी सोडत नाही. तुझी सवय लावलीस तशी मोड. मार त्यांना, दगड घाल, पण पळायला शिकव.

ताई


रानातली चौकी, २४ एप्रिल

ताई,

हो, तुझं ते पत्र मिळालं होतं. शहरातून आलो तेव्हा टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेलं होतं. आधी खडकावर गेलो आणि मग ते वाचलं. तुला कळू नये असं वाटलं. तुझ्यावर रागावलो नाही असं म्हणणार नाही. एक संध्याकाळ फार रागावलो होतो. मग वाटलं, तू त्याला आवाज शिकवलास, पण तो ऐकून पळायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलं? त्याच्यासारख्या एखाद्याने लाख टक्-टक् केलं असतं, तरी पाच महिन्यांपूर्वी झाड रिकामं झालं असतं. हे आपण दोघांनी मिळून केलं, ताई. वाटणी करत बसण्यात अर्थ नाही.

तू म्हणतेस तसं केलं. सगळं केलं. आधी खडकावर जाणं बंद केलं, तर ती चौकीच्या कुंपणाशी येऊन बसायला लागली. शर्ट बदलला. काठी आपटली, ओरडलो. माझा आवाज इतका चढू शकतो हे मलाच ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत बसली. बाबा म्हणायचे, एकदा फसवलं की पोर पुन्हा बघत नाही. बाबांना माणसांची पोरं ठाऊक होती. यांना इतकं फसवूनही ती बघतातच.

मग दगड मारले. आधी बाजूला, मग जवळ, मग नेम धरून. एक धाकटीच्या खांद्याला लागला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने दात दाखवावेत, एकदाच दाखवावेत, एवढीच माझी इच्छा होती. ती थोडी सरकली, दगड उचलून हुंगला आणि खाली ठेवला. त्यानंतर मला दगड मारता आला नाही. तू म्हणशील मारायला हवा होता. बरोबर आहे.

वनखात्याला दोन अर्ज दिले. पहारा मागितला. साहेब म्हणाले, माणसं कमी आहेत, सगळ्या रानाला मिळून तीनच. पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं, तोवर ती माणसं येतील. ते म्हणाले, तेही खरं आहे. ओढ्यापलीकडे जीपची चाकं पुन्हा उमटली आहेत. राखणदाराने काल दाखवली. दोन दिवसांपूर्वीची असावीत.

मी इथून गेलो तर पुढच्याच सकाळी कुणीतरी खडकावर बसेल, टक् करेल, आणि ही खाली उतरतील. मी इथे राहिलो तर माणूस बरा असतो हे त्यांना रोज नव्याने पटत राहील. आणि जन्मभर काही मी इथे बसू शकणार नाही. रात्रंदिवस विचार करतोय, तिसरं काही सुचत नाही. तुला सुचलं तर लिही, पण सुचणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

शेवटचा उपाय राखणदाराचा होता. म्हणाला, तुम्हाला नाही घाबरणार, पण परक्या माणसांना घाबरतील. आम्ही मागून येतो, तुम्ही नुसते दूर बसा आणि बघू नका. एकदा मनात भीती बसली की मग कुणी का येईना, पळतील. मला ते पटलं. त्याने लाकूडतोड करणारी दोन माणसं आणली. पत्र्याचे डबे आणले, फटाक्यांची माळ आणली. आज सकाळी सगळं घर खाली उतरून पाल्यात काहीबाही वेचत होतं. मी बराच लांब, ओढ्याच्या या काठाला, हे पत्र मांडीवर घेऊन पाठ फिरवून बसलो. तिघं रानातून डबे बडवत, ओरडत आले. माळ पेटली. धूर झाला. मी कान झाकून घेतले.

घाबरली, ताई. जन्मात घाबरली नसतील इतकी घाबरली. किंचाळत सुटली, पोरं पोटाला लटकवून, वाट दिसेल तशी. एकही झाडावर गेलं नाही. सगळी ओढा ओलांडून, पाण्यातून, सरळ माझ्याकडे आली.

आता माझ्याभोवती बसली आहेत, दहाही. ओली आहेत आणि थरथरत आहेत. धाकटीने माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली आहे, म्हणून अक्षर असं येतंय. तिचे सगळे दात दिसताहेत, पण ती त्या तिघांकडे बघून दाखवतेय, माझ्याकडे नाही. राखणदार पलीकडच्या काठावर डबा हातात घेऊन उभा आहे आणि विचारतोय, साहेब, आणखी एकदा करून बघू का.

मी त्याला नको म्हणालो.

ठोंब्या